पैरा

ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत आमच्याकडं बायका आडावर भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "आज कुणाच्यात गं?" "आज खालच्या वस्तीवर. उद्या आपल्यात." एवढ्या बोलण्यात दिवसाचा सगळा बंदोबस्त होऊन जायचा. कोण कुठल्या रानात वाकणार, भाकरी किती बांधायच्या, अंगावरचं पोर कुणाच्या म्हातारीपाशी ठेवायचं, सगळं त्यात आलं. मजुरीचा विषय कुठंच नसायचा. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात, याला आमच्याकडं पैरा म्हणायचे. कुठं सावड म्हणतात, कुठं वारंगुळा.

गावाच्या आठवणी लिहायला घेतल्या की जत्रा, बैलांची मिरवणूक, पहिल्या पावसाचा वास हे सगळं आपसूक येतं. मलाही ते येतं. पण साठी ओलांडल्यावर मागं बघताना माझं गाव मला उभं दिसतं ते या पैऱ्यावर. जत्रा वर्षातून एकदा व्हायची, पैरा रोज चालायचा.

गाव आटपाडीच्या बाजूचं, माणदेशातलं. सह्याद्रीच्या कुशीत महाबळेश्वराला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला एका दिवसाच्या वाटेवर असलेल्या आमच्या मुलखात 500 पडला तरी लोक बरं साल म्हणतात. माणगंगा आहे, पण वर्षातले बरेच महिने तिच्यात वाळूच. अशा मुलखात शेताचं काम दमानं होत नाही. हस्ताचा पाऊस झाला की वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, मोडायच्या आत पेरून घ्यायचं. दाणा पक्का झाला की पाखरांनी आणि अवकाळीनं गाठायच्या आत काढून घ्यायचं. घरात कामाची माणसं चार, रान दहा-बारा एकर, दावणीला बैल एखादाच. एकट्याच्या बळावर यातलं काहीच उरकत नाही. म्हणून पैऱ्याला कुणी मनाचा मोठेपणा समजत नसे. ती गरज होती, आणि माझ्या मते त्यामुळंच ती रीत एवढी वर्षं टिकली. मोठेपणावर चालणाऱ्या गोष्टी एखाद्या वाईट सालात मोडून जातात.

बैलांचंही तसंच. एका बैलानं औत चालत नाही, कुळवाला, म्हणजे जमीन भुसभुशीत करायच्या औताला, जोडी लागते. ज्याच्याकडं एक खिलार बैल असेल तो दुसऱ्या एकबैलवाल्याला गाठायचा, आणि दोघांच्या रानाला मिळून एक जोडी व्हायची. नांगरटीला तर एका जोडीनंही भागायचं नाही. किर्लोस्करवाडी 1910 साली आमच्याच जिल्ह्यात वसली आणि तिथला लोखंडी नांगर गावोगाव पोचला. तो जमिनीत खोल जायचा, हरळी मुळासकट वर काढायचा, पण काळ्या रानात त्याला दोन-तीन जोड्या लागत. एवढे बैल गावात दोन-चार घरांतच. बाकीच्यांनी नांगर एकाचा, जोड्या तिघांच्या असं जुळवून घेतलं. लोखंडाचा नांगर आल्यानं लोक एकमेकांपासून मोकळे झाले नाहीत, उलट जास्त जवळ बांधले गेले, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

एखाद्यावर वाईट वेळ आली की इर्जिक व्हायची. कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, ऐन हंगामात बैल मेला, की गावातली औतं ठरवून एका सकाळी त्याच्या रानात उतरायची. अशी एक इर्जिक मी लहानपणी जवळून पाहिली. आमच्या शेजारच्या घरातला गडी विहिरीचं काम करताना पडला होता, मांडीचं हाड मोडून महिनोन्‌महिने पडून होता. रोहिणी निघायच्या आधी त्याची पट्टी कुळवून व्हायला हवी होती. पहाटे चांदणी असतानाच घुंगुरमाळांचे आवाज सुरू झाले. उजाडलं तेव्हा एका शेतात ओळीनं कुळव चालले होते, एकामागं एक, प्रत्येक औत आधीच्याच्या अंगाला तास धरून. पुढच्या कुळवावर गावातला सगळ्यात जुना कुणबी, कारण रेघ सरळ ठेवायची ती त्यानं. मागच्या बाजूला पोरं धसकटं वेचत होती. घरात बायकांनी दोन चुली बाहेर मांडल्या होत्या. दुपारच्या जेवणापर्यंत सगळी पट्टी काळीभोर झाली. ज्याच्या रानात हे चाललं होतं त्याला बाजेसकट उचलून बांधावर आणून बसवलं होतं. तो प्रत्येक औत वळताना बैलांची नावं घेऊन हाक मारायचा, आपलेच बैल असल्यासारखा. इर्जिकीत यजमानानं फक्त जेवू घालायचं. पुढं त्यानं कुणाचं काय फेडायचं हे कुणी बोललं नाही, आणि तोही नंतर लंगडत का होईना दुसऱ्यांच्या इर्जिकीला गेल्याशिवाय राहिला नाही.

पैरा मात्र मोजून असायचा. इथं उदारपणा चालत नव्हता, हिशेब चालायचा, आणि तो बायकांच्या डोक्यात असायचा. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. रात्री ओट्यावर बसून ती म्हणायची, "वरच्या आळीचं दोन आपल्यावर. गुरवाच्यातलं एक आपलं तिकडं. धाकलीकडं अर्धा." हे ती सूनबाईंना ऐकवायची, म्हणजे एकीच्या ध्यानातून गेलं तर दुसरीच्या राहावं. अर्ध्या दिवसाचासुद्धा हिशेब. बैलजोडीचा एक दिवस म्हणजे दोन बायकांचे दोन दिवस, असं आमच्याकडं धरायचे. पण बाईला बाई म्हणजे बाईच. तरणीताठी असो की साठीची, दिवस एकच धरायचा. तरणी दोन पाथी, म्हणजे कामाच्या दोन ओळी, पुढं जायची, म्हातारी मागं राहायची, तर पुढची आपली पाथ संपवून मागं फिरायची आणि म्हातारीच्या पाथीला समोरून लागायची. यावर कुणी कुरकुर केलेली मला आठवत नाही. आज पुढं असलेलीला माहीत असायचं की एक दिवस आपणही मागं राहणार आहोत.

आणखी एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा उमगली. हा हिशेब पूर्ण कधी मिटवत नसत. एखादा दिवस अंगावर ठेवायचा, किंवा समोरच्यावर राहू द्यायचा. हंगाम संपला तरी आजी म्हणायची, "राहू दे एक. पुढच्या साली बघू." मला वाटायचं, आळस असेल. तसं नव्हतं. देणं शिल्लक आहे तोवर येणं-जाणं आहे. सामाईक विहिरीच्या पाळीवरून आमच्या दोन भाऊबंदांत एकदा जोराचं वाजलं. चार वाटे, प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली, आणि एकानं रात्रीतून दुसऱ्याच्या पाळीचं पाणी आपल्या पाटाला वळवलं. तंडा झाला, शिव्या झाल्या, पण खरं भांडण दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. एका घरातल्या सासूनं दोन्ही सुना विळे घेऊन दुसऱ्या घरच्या रानात पाठवल्या. मागितलं नसताना त्यांनी दिवसभर काम केलं आणि जाताना सांगितलं, "तुमचा पैरा फिटला." त्या घरांत पुढं कितीतरी वर्षं पाण्याचा तांब्यासुद्धा दिला-घेतला गेला नाही. शिव्या विसरल्या गेल्या असत्या. फिटलेला पैरा कुणी विसरलं नाही.

सगळं एकत्र यायचं ते खळ्यावर. माघ-फाल्गुनात रानातल्या एखाद्या टणक जागेवर खळं करायचे. जागा खुरपून, पाणी मारून, त्यावर बैल फिरवून जमीन बसवायची आणि मग शेणानं सारवायची. मधोमध तिवडा, म्हणजे बैल बांधायचा खांब, रोवायचा. ज्वारीची ताटं मुळासकट उपटून, पेंढ्या बांधून आणलेल्या असायच्या. ती उपटताना हाताला भेगा पडत, बायका रात्री कोकमाचं तेल नाहीतर नुसतं खोबरेल चोळून झोपत. कणसं मोडून खळ्यात पसरली की बैलांची पात धरायची, म्हणजे तिवड्याला बांधून त्यांना ओळीनं कणसांवर गोल फिरवायचं. तिवड्याजवळ दमानं चालणारा म्हातारा बैल, कडेला चपळ. बैलांच्या तोंडाला मुसकी. एक पोरगं त्यांच्या मागं फिरत असायचं, त्याच्या हातात पाटी. बैलानं शेपूट उचललं की पाटी पुढं करायची, म्हणजे शेण कणसांवर पडत नाही. हे काम मी पुष्कळ केलं आहे. पापणी न लवता बैलाच्या शेपटीकडं बघत गोल गोल चालायचं. बापलोक मागून ओरडायचे, "ध्यान दे, ध्यान दे!"

मग वाऱ्याची वाट. वारा संध्याकाळी सुटला तर संध्याकाळी, मध्यरात्री सुटला तर मध्यरात्री उठायचं. वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, चढून एकानं पाटीतून धान्य सोडायचं, खाली एकानं हातणीच्या झाडूनं भुसकट बाजूला सारायचं. वावडीवरच्या माणसाची नजर वाऱ्यावर असायची, जोर वाढला की हात आखडता, कमी झाला की सैल. खाली दाण्याची रास वाढत जायची, मालदांडीचा मोत्यासारखा दाणा. रास तयार झाली की बोलणं कमी व्हायचं. तिची पूजा होईपर्यंत कुणी खळ्यात चपला घालून जात नसे, कुणी मोठ्यानं आकडा बोलत नसे.

आणि मग त्या राशीला वाटेकरी यायचे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, चांभार, मांग, महार. वर्षभर सुतारानं कुळव भरून दिला, लोहारानं फाळ पाजवला, न्हाव्यानं घरातली डोकी केली, त्याचं बलुतं इथं मिळायचं. शाळेच्या पुस्तकात बलुतेदारीचं एक गोड चित्र असायचं, सगळे आपापलं काम करतात आणि गाव सुखानं नांदतं असं. खळ्यावर उभं राहिलं की ते चित्र तसं दिसायचं नाही. कुणाला शेवटी बोलवायचं, कुणाच्या पदरात दाणा वरून टाकायचा, कुणाला नुसतं तळातलं मातेरं द्यायचं, हे ठरलेलं होतं. सुताराचा वाटा आणि मांगाचा वाटा सारखा नव्हता, आणि देतानाचा आवाजही सारखा नव्हता. महारकीचं वतन माणसाला कसं बांधून घालतं हे बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कौन्सिलात 1928 मध्ये विधेयक मांडून सांगितलं होतं. ती वतनं कायद्यानं जायला 1958 साल उजाडावं लागलं. आमच्या गावात महारवाड्यातल्या माणसांनी त्याआधीच मेलेली गुरं ओढायचं थांबवलं होतं, असं माझे वडील सांगायचे. गावानं त्यावर वर्षभर राग धरला होता, हेही ते सांगायचे.

पैऱ्याबद्दल एवढ्या मायेनं लिहिताना हे लिहिलंच पाहिजे, की पैरा सगळ्यांचा नव्हता. पैऱ्याला घालायला आपल्याकडं काहीतरी असावं लागतं. रान असेल तर दुसऱ्याला आपल्यात बोलवता येतं, बैल असेल तर बैल देता येतो. ज्याच्याकडं रानच नाही त्याच्या दारात कोण कशाचा पैरा फेडायला जाणार? गावकुसाबाहेरच्या बायका आमच्या रानात यायच्या, आमच्यापेक्षा जास्त काम करायच्या, आणि संध्याकाळी पेंढी किंवा पायली घेऊन जायच्या. त्यांच्याशी आमचा हिशेब त्याच दिवशी मिटायचा. आजीच्या रात्रीच्या यादीत त्यांचं नाव कधी आलं नाही. मी ही यादी आठवतो तेव्हा त्यातली नावं जेवढी आठवतात तेवढीच ही न आलेली नावंही आठवतात.

1972 चा दुष्काळ आला तेव्हा मी नुकताच शाळेत जायला लागलो होतो. आधीचं साल बेताचंच, त्यात हेही कोरडं. विहिरीच्या तळाला उतरून वाटीनं पाणी भरावं लागे. आमची बैलजोडी त्या साली गेली. बैल विकून आल्यावर आबा दोन दिवस दावणीकडं फिरकले नाहीत. सकाळी उठून गव्हाण झाडायची सवय, ती कुणीतरी दुसऱ्यानं झाडली. पेरणीच नाही तर पैरा कशाचा? सगळं गाव दुष्काळी कामावर गेलं. पाझर तलाव, नाला बांध, रस्त्याची खडी. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ 50 लाख माणसं अशा कामांवर होती. अमेरिकेतून आलेला लाल मिलो लोक खात होते, पोरांना सुकडी मिळत होती. मिलोची भाकरी थापताना तुटायची. आई ती तव्यावर जोडून भाजायची.

पण खडीच्या कामावर एक गोष्ट घडली. तिथं मोजणी ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापावर, होती. टोळीनं किती खडी फोडली त्यावर मस्टरला पैसे. टोळ्या कशा पडल्या? पैऱ्यातल्या बायका तशाच एकत्र बसल्या. आमच्या टोळीत आजी होती, आणि तिच्याच्यानं हातोडा उचलवत नव्हता. मुकादमानं सांगून पाहिलं की म्हातारीला घरी ठेवा, तुमचाच ब्रास वाढंल. वरच्या आळीची एक सून पदर खोचत त्याला म्हणाली, "तिचं दोन दीस आमच्यावर हायत." बास. आजी दगड निवडून पुढं सरकवत बसायची, आणि तिच्या नावची हजेरी पुरी लागायची. रान पडीक पडलं होतं, पण जुनं देणं त्या रस्त्याच्या कडेला उन्हात वसूल होत होतं.

त्याच कामावर गावकुसाबाहेरच्या टोळ्याही होत्या. रांजण वेगळे होते, हे खरं आहे. पण मस्टर एक होतं, मोजायचं खोकं एक होतं, आणि त्यांच्या ब्रासला आमच्या ब्रासएवढेच पैसे होते. गावाच्या इतिहासात हे बहुधा पहिल्यांदा घडत होतं. याच दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. तिचा पहिला प्रयोग वि. स. पागे यांनी आमच्याच जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, 1965 मध्ये केला होता. पुढं 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागेल त्याला काम. मागणाऱ्याकडं रान आहे का, बैल आहे का, हे त्यात विचारायचं नव्हतं. पैऱ्यानं ज्यांना कधी आत घेतलं नाही त्यांना कायद्यानं हात दिला. गावाच्या जुन्या रीतींचं कौतुक करणाऱ्यांनी, मी त्यात आलोच, ही गोष्ट त्या कौतुकाच्या शेजारीच ठेवली पाहिजे.

आमच्या भागातली माणसं तशी पूर्वीपासून बाहेर. खानापूर-विट्याकडची सोनं-चांदी गाळायला पार देशभर गेलेली, गलाईवाले म्हणून. बाकीची मुंबईला गिरणीत. आमच्या चुलत चुलत्यांतले एक असे गिरणीत होते. लालबागच्या खोलीत पंधरा-वीस जण, पाळीनं झोपायचं, आणि महिन्याला गावी मनीऑर्डर. पोस्टमन सायकलवरून यायचा, काकू अंगठा द्यायची. काकूकडं तीन एकर जिरायत आणि तीन पोरं. नवरा वर्षातून दोनदा यायचा, जत्रेला आणि दिवाळीला. रान तिनं एकटीनं राखलं, आणि ते पैऱ्यावर राखलं. काकू सगळ्यांच्यात जायची. तिला बोलवायची गरज नसायची. कुणाची भांगलण आहे, कुणाचा हरभरा उपटायचा आहे, ती विळा घेऊन हजर. माझी आई म्हणायची, "ही घेती कमी, घालती जास्त."

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाख कामगार. आधी वाटलं महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. मनीऑर्डर थांबल्या. मग एक एक माणूस एसटीतून उतरायला लागला. वळकटी, ट्रंक, पांढरा लेंगा. काका आले ते वैशाखात. गावात त्यांना गिरणीतले म्हणून मान होता. ते आता दिवसभर देवळाच्या कट्ट्यावर बसून वर्तमानपत्र वाचायचे आणि सकाळी 7 वाजून 5 मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की कुणाच्या तरी रेडिओला कान लावायचे. संपाचं काही सांगतात का, म्हणून. सांगायचे काहीच नाहीत. हात मऊ पडले होते. साच्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला कुळवाचं रुमणं धरता येत नव्हतं.

मृग निघाला. काकूकडं बियाणं नाही, बैल नाही, पैसा नाही. आणि एक दिवस सकाळी तिच्या तीन एकरांत चार औतं उभी राहिली. इर्जिक नव्हती ती. इर्जिक म्हणजे गावानं केलेली मदत, आणि तिला यजमानाचं जेवण लागतं. हे तिचं येणं होतं. इतकी वर्षं ती जे घालत आली होती ते. बायका भाकरी आपापल्या घरून बांधून आल्या. माझी आई बांधावर उभी राहून एकेका घराचं नाव घेत होती आणि ज्याचं त्याला सांगत होती, "तुमचं अजून दोन राह्यलं. तुमचं एक." काका कडेला उभे राहून बघत होते. त्यांना वाटत आलं होतं की घर मनीऑर्डरवर चाललं. त्या सकाळी त्यांना दिसलं की त्यांच्या मागं घरात आणखी एक कमाई साठत होती, जिची पावती पोस्टात मिळत नव्हती. संध्याकाळी ते पहिल्यांदा कुळवामागं चालले. दुसऱ्या दिवशी वरच्या आळीला पैऱ्यावर गेले, काकूच्या बरोबरीनं, बायकांच्या टोळीत एकटे गडी. कुणी काही बोललं नाही.

संप कधी मिटला असं झालंच नाही. पण परत आलेल्या या माणसांनी आमच्या भागात एक मोठी गोष्ट केली. संघटना कशी करायची हे ते गिरणीत शिकून आले होते. खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली त्यात संपातून परतलेले कामगार होते. त्यांनी विचारायला सुरुवात केली, की दर दुष्काळात आम्ही खडीच का फोडायची? पाणी का नाही? येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं. नदीतली वाळू ठेकेदाराला न उचलू देता गावानंच थोडी विकली, वर्गणी काढली, अंगमेहनत घातली. त्या धरणाचा नियम असा, की पाणी जमिनीच्या हिशेबानं वाटायचं नाही, घराच्या हिशेबानं वाटायचं. भूमिहीनाच्या घरालाही वाटा. पुढं 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर, सांगोल्याचे गणपतराव देशमुख अशी माणसं मंचावर आणि खाली 13 दुष्काळी तालुक्यांतले लोक. मागणी तीच, कृष्णेचं पाणी आमच्याकडं आणा आणि ते सगळ्यांना सारखं द्या. एका परिषदेला मी गेलो होतो. माझ्या शेजारी बसलेल्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. ती भाषण ऐकत नव्हती, ती पाण्याच्या वाट्याबद्दलचा ठराव पुन्हा पुन्हा शेजारणीकडून वाचून घेत होती. पाण्याचा वाटा तिच्या नावावर आला असता तर तो तिला कुणालातरी देता आला असता, त्या बदल्यात कुणाच्या रानात आपला हिस्सा लावता आला असता. तिच्याकडंही पैऱ्याला घालायला काहीतरी आलं असतं. समन्यायी पाणीवाटप यावर मी पुढं पुष्कळ वाचलं, पण ते मला कळलं ते तिच्या त्या बोटाखालच्या ओळीत.

पैरा कसा गेला, याचं उत्तर लोक लगेच देतात: पैसा आला, माणुसकी गेली. मला हे पटत नाही. मळणी यंत्र आलं, खळी गेली. ट्रॅक्टर आला, तो तासावर मिळतो, तासाचे पैसे मोजले की झालं. कर्डईच्या काट्यात आणि ज्वारीच्या उपटणीत ज्या बायकांचे हात गेले त्यांनी यंत्राचं स्वागत केलं आणि बरोबर केलं. गावकुसाबाहेरच्या तरुणांना रोख पैसा हाच बरा वाटला, कारण रोख पैशात वरून टाकलेला दाणा नसतो. जे गेलं ते कुणाच्या वाईटपणानं गेलेलं नाही. मात्र त्याच्याबरोबर एक गोष्ट गेली, तिची जागा अजून कशानं भरलेली नाही. एकट्या बाईचं रान आज पडीक राहतं. नवरा वारला, पोरं पुण्याला, ट्रॅक्टरचे तासाचे पैसे तिच्याकडं नाहीत, आणि कुणी तिला लागतही नाही. तिनं आयुष्यभर जे घातलं ते कुणाच्या यादीत राहिलं नाही. असं रान मी आमच्याच शिवेला बघतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

2016 मध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यातला एक साताऱ्याचा कोरेगाव. नंतर ती आमच्या मुलखात आली. उन्हात माणसं चर खणताना बघून जुने लोक बोलले, हे तर इर्जिकीसारखंच. थोडंसं तसं होतंही. पण स्पर्धेला शेवटचा दिवस असतो.

कृष्णेचं पाणी उपसून आणणाऱ्या टेंभू योजनेचं पाणी आता आटपाडीकडं आलं आहे. जिथं कुसळं होती तिथं डाळिंब आहे, थोडा ऊस आहे, कांदा आहे. कांद्याच्या लागणीला एकाच वेळी सगळ्यांना माणसं हवी असतात, आणि मजुरीचा दर लहान शेतकऱ्याला झेपत नाही. म्हणून आमच्या वहिनीनं गेल्या दोन हंगामांपासून पाच घरांचा पैरा धरला आहे. हिशेब तिच्या मोबाईलमध्ये असतो. त्या पाचांतली दोन घरं बौद्धवाड्यातली आहेत. टेंभूच्या पाण्यावर त्यांची दीड-दीड एकर पट्टी भिजते, एकाची स्वतःची, एकाची खंडानं घेतलेली. यंदा लागण सुरू झाली ती त्यांच्या वावरापासून, कारण त्यांचं रोप आधी तयार होतं. आमच्या घरातून वहिनी आणि पुतणी दोघी गेल्या. हंगाम संपल्यावर मी वहिनीला विचारलं, सगळ्यांचं मिटलं का? तिनं मोबाईल काढला, बोटानं खाली-वर केलं आणि म्हणाली, "त्यांचा एक दिवस आपल्यावर आहे. मी म्हटलं राहू दे, गव्हाला बघू."